बघितला, पण घेतला नाही

परवा शनिवारी यूट्यूबवर एक गेम बघत बसलो होतो. खेळत नव्हतो, दुसरा खेळत होता ते बघत होतो. बायकोने विचारलं, "एवढा आवडलाय तर घे ना विकत." मी म्हटलं, "आता काय घ्यायचं, शेवट बघून झाला." बोलून गेलो आणि माझं मलाच कसंतरी वाटलं.

त्याचं असं आहे, एप्रिल २०१७ मध्ये 'पर्सोना ५' जगभर आला तेव्हा अ‍ॅटलस कंपनीने फर्मान काढलं होतं: गेममधल्या कॅलेंडरच्या ७ जुलैपुढचं काही स्ट्रीम करायचं नाही, नाहीतर कारवाई. लोक भडकले. मीही कँटीनमध्ये तावातावाने बोललो होतो, "फुकट जाहिरात होतेय, यांना पोटदुखी कसली?" त्याच महिन्यात कंपनीने माफी मागून मर्यादा १९ नोव्हेंबरपर्यंत सरकवली. आम्ही खूश!

माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. 'अमंग अस' २०१८ चा, दोन वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये स्ट्रीमर्सनी उचलला आणि लॉकडाऊनमध्ये आमच्या अख्ख्या टीमने घेतला. का? कारण तो दर वेळी वेगळा होतो, बघून हात शिवशिवतात.

पण 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'चं काय? कॅन्सरने गेलेल्या आपल्या लहानग्या मुलावर आईवडिलांनी केलेला, जेमतेम दोनेक तासांचा गेम. २०१६ मध्ये आला. लाखो लोकांनी तो व्हिडिओत बघितला, आणि विक्रीतून आमच्या हाती अजून एक डॉलरही आलेला नाही, असं वडिलांनी त्याच वर्षी लिहिलं. बघणाऱ्यांनी निदान एकेक डॉलर द्यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या लाखोंत मीही होतो. रडलो, टॅब बंद केला, जेवायला गेलो.

क्रिकेट बघून बॅट घ्यावीशी वाटते. रहस्यकथा कुणी शेवटपर्यंत वाचून दाखवली तर पुस्तक कोण घेणार? सरसकट बंदी मला आजही पटत नाही. पण ज्याची सगळी पुंजी कथेतच आहे, त्याने "इथवरच दाखवा" म्हटलं तर त्याला कंजूष म्हणणं मी सोडलंय. कॉपीराइट बिपीराइट कंपन्यांचे वकील बघतील. आपला नियम साधा असावा, पूर्ण बघितला तर पैसे द्यायचे.

असो. काल रात्री दोन्ही गेम विकत घेतले. खेळेन की नाही, माहीत नाही. उधारी फिटली.