वाफशाआधी युरिया

श्रावणात झड लागली की हिंगोली, कळमनुरी, औंढा भागातील सोयाबीन पिवळे पडू लागते आणि युरियाची मागणी वाढते. पान पिवळे म्हणजे नत्र कमी, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की नेमके कोणते पान पिवळे, हे फारसे कुणी पाहत नाही. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. झडीतल्या सोयाबीनची मात्र बहुधा शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्याच राहतात. ही खूण लोहाची.

गंमत अशी की, या जमिनीत लोहाला तोटा नाही. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली काळी माती ती. पण तिच्यात चुनखडी असते, सामू अनेकदा आठच्या आसपास असतो, आणि अशा मातीत लोह मुळांना घेता येईल अशा रूपात फारसे उरत नाही. त्यात पाणी साचले की मुळांच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू कोंडतो, चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट वाढवतो आणि लोहाची उरलीसुरली वाटही बंद करतो. हवेअभावी मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणूही थंडावतात. पाणी उतरून वाफसा आला की बरेचसे पीक आपोआप हिरवे होते. त्याच आठवड्यात युरिया फेकलेला असला, तर श्रेय युरियाला जाते!

प्रत्यक्षात 45 किलोच्या गोणीत नत्र असते जेमतेम 21 किलो. त्यातले काही अमोनिया होऊन उडते. जे नायट्रेट बनते, त्यातलेही काही चिबडलेल्या मातीतले जिवाणू वायुरूपाने हवेत सोडतात. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकूनही फारसे साधत नाही. चुनखडी त्यालाही निकामी करते. म्हणून लोह द्यायचेच तर फवारणीतून.

2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. जमिनीची खोली किंवा निचरा त्या बारांत नाही. सेनगावकडच्या माळावरची वीतभर मुरमाड जमीन आणि वसमतजवळची पूर्णाकाठची खोल काळी जमीन कागदावर सारखी दिसू शकते. पावसाने आठवडाभर दडी मारली की पहिलीतले पीक माना टाकते. दुसरीत झडीनंतर कित्येक दिवस पाय ठेवता येत नाही. या दोन्हींना खताची एकच मात्रा सुचवणे शास्त्रीय म्हणवत नाही.

2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीने निचऱ्याचा हा धडा केव्हाच गिरवला आहे. पाणी साचले की कंदकूज ठरलेली, म्हणून गादीवाफे आणि ठिबक आले. सोयाबीनच्या वाट्याला ही काळजी क्वचित येते. रुंद सरी वरंब्यासाठी बीबीएफ यंत्र मिळाले तर उत्तम. नसेल तर कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडता येते. ती जादा पाणी काढते, आणि उघडीप पडली तर पुढच्या पावसाचे पाणी मुरवतेही.

माती परीक्षणाचे नमुने बहुधा उन्हाळ्यात काढले जातात. तेव्हाच खोली मोजावी, पावसानंतर वाफसा यायला किती दिवस लागतात ते शेतकऱ्याला विचारावे आणि हे दोन रकाने पत्रिकेत वाढवावेत. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.