एका शिक्क्यावर टांगलेले संसार

आईवडिलांस भेटावे, घरचे एखादे लग्नकार्य उरकावे आणि पारपत्रावर व्हिसाचा नवा शिक्का घेऊन पुन्हा कामावर रुजू व्हावे, एवढ्याच बेताने डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून स्वदेशी आलेल्या अनेक भारतीयांची जी कुचंबणा झाली, ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या घरी नाही तर शेजारच्या घरी पाहिली असेल. १५ डिसेंबरपासून एच-१-बी व्हिसाच्या अर्जदारांचे समाजमाध्यमांवरील लेखनही तपासण्याचा निर्णय अमेरिकेने अमलात आणला आणि त्यापायी मुलाखतींच्या आधी दिलेल्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. घर तिकडे, नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे. आणि माणसे मात्र इकडे! यांनी कायदा मोडला होता काय? मुळीच नाही. कायदा पाळण्यासाठीच तर ते वकिलातीच्या दारात उभे राहिले होते.

आपल्या घरात कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परकीयांची नोंद आपणही ठेवतोच. १९३९ च्या परकीय नोंदणी कायद्याची जागा आपल्याकडे २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. तेव्हा अमेरिका कागद मागते, ही आमची तक्रार नाही. सर्व कागद एकाच धाग्यात ओवून त्या धाग्याचे टोक भलत्याच्या हाती दिले आहे, ही आमची तक्रार आहे.

हा गुंता नीट समजून घेतला पाहिजे. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का म्हणजे केवळ दारावर थाप मारण्याची परवानगी. आत किती काळ राहावयाचे, ते प्रवेशाच्या वेळी होणारी निराळी नोंद ठरविते. शिक्क्याची मुदत संपली, तरी नोंदीची मुदत असेतोवर तेथे राहता येते, कामही करता येते. परंतु एकदा देशाबाहेर पाऊल पडले की, थोडे अपवाद सोडल्यास, नव्या शिक्क्यावाचून परतता येत नाही. बरे, ही वास्तव्याची मुभा मिळते कोणाच्या अर्जावर? मालकाच्या. नोकरी सुटली, तर दुसरा मालक शोधण्यास किंवा गाशा गुंडाळण्यास फार तर ६० दिवस मिळतात. पत्नीचे व मुलांचे वास्तव्य त्याच नोकरीला बांधलेले. इतकेच नव्हे, तर २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यान्वये परकीयास मिळणारा वाहन चालविण्याचा परवानाही त्याच्या वास्तव्याच्या मुदतीबरोबरच संपतो. ज्या देशात बहुतेक गावी मोटारीवाचून भाजी आणावयासही जाता येत नाही, तेथे या तरतुदीचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. मुदतवाढीचा एक कागद कचेरीत रेंगाळला की सारे घर जागच्या जागी थबकते.

चार-सहा वर्षांपुरताच हा प्रकार असता, तर पाहुणेपणाचे नियम म्हणून कोणीही तो सोसला असता. एच-१-बीची कमाल मुदत एरवी सहा वर्षांचीच आहे. पण कायम वास्तव्याच्या ‘ग्रीन कार्डा’साठी रांगेत उभे असणाऱ्यांस २००० सालच्या कायद्याने पुढेही मुदतवाढ मिळते, आणि येथेच खरी मेख आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे द्यावयाची, त्यांत बायकामुलेही धरावयाची, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक जाऊ द्यावयाची नाहीत, अशी व्यवस्था १९९० च्या कायद्याने घातली. एकशे चाळीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारताला जी मर्यादा, तीच चार लाखांच्या आतील आइसलंडला! परिणामी भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. तान्हे असताना तिकडे नेलेले मूल या रांगेतच एकवीस वर्षांचे होते आणि आईबापांच्या अर्जातून बाद ठरते. आपणच वाढलो त्या गावात राहण्यासाठी त्याने नव्याने परकीय विद्यार्थी म्हणून अर्ज करावयाचा! वीस वर्षे कर भरणाऱ्यास ‘तात्पुरता’ म्हणणे हा शब्दाचाही उपहास आहे.

त्यात गेल्या वर्षी एकेक कडी अडकविली गेली. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतील सवलत बहुतांशी बंद झाली. त्याच महिन्यात अर्ज मायदेशी किंवा राहत्या देशीच करावा असे फर्मान निघाले, आणि कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का आणण्याची वाट अडली. म्हणून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत तारीख मिळणे, न मिळणे यावर अनेक संसारांचे भवितव्य येऊन ठेपले.

यावर उपाय नाही असे नाही. २००४ पर्यंत अशा नोकरदारांस अमेरिकेतच शिक्क्याचे नूतनीकरण करून मिळत असे. २०२४ च्या प्रारंभी २०,००० अर्जांच्या मर्यादेत तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला. जे एकदा होत होते आणि पुन्हा करून पाहिले, ते अशक्य म्हणता येणार नाही. आमच्या सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत बदाम-सफरचंदांवरील जकातीइतक्याच आग्रहाने ही मागणी मांडली पाहिजे. ग्रीन कार्डाचा कायदा बदलणे अमेरिकन काँग्रेसच्या हाती आहे. शिक्का तेथल्या तेथे देणे हा निव्वळ कारभाराचा प्रश्न आहे.

आणि आपल्या मध्यमवर्गानेही आत्मपरीक्षण करावे. मुलगा तिकडे गेला याचे पेढे आपण वाटतो; त्याच्या कागदाची मुदत केव्हा संपते, हे मात्र विचारीत नाही. मग वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप जातो, आणि पलीकडून क्षणभर शब्द उमटत नाही. ‘निघालो’ म्हणण्यापूर्वी त्या मुलाला पारपत्र उघडून शिक्क्याची तारीख पाहावी लागते. मातापित्यांच्या अखेरच्या दर्शनाची किंमत ज्या व्यवस्थेत नोकरी आणि घर अशी पडते, ती कायदेशीर असेल. न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही.