कटर मशीन उसनी नको, माणसासकट न्या



आज पिकाबद्दल नाय, मशीनबद्दल लिहितो. कौलांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, पावसाळ्यासाठी लाकूडफाटा भरायचा, कलमांच्या वाळलेल्या फांद्या काढायच्या, ही कामं निघाली की वाडीत एकच वाक्य ऐकू येतं, "दादा, तुमची कटर मशीन जरा देता का? अर्ध्या तासात आणून देतो."

माझं मत सरळ आहे. चेनसॉ उसनी देऊ नये आणि मागूही नये. शेजाऱ्याचं काम मात्र अडू देऊ नये. मशीन घेऊन आपण स्वतः जावं.

काही जणांना हा कंजूषपणा वाटेल. आपल्याकडे कोयता, पहार, घमेलं, शिडी, लग्नकार्यातली पातेली एका घरातून दुसऱ्या घरात जात आली, आणि तशीच जात राहावी. पण कोयत्याची धार गेली तर डोळ्यांना दिसते. दगडावर चार हात मारले की विषय संपला. मशीनचं नुकसान आत होतं, आणि बऱ्याच वेळा ज्याने केलं त्याच्या हातात ते दिसतच नाय. भांडणाचं मूळ तिथं आहे.

कसं ते सांगतो. पेट्रोलवरची ही मशीन टू-स्ट्रोक असते. इंजिनात वेगळं ऑईल नसतं. पेट्रोलात जे टू-टी ऑईल मिसळतो त्याच्यावरच पिस्टनला वंगण मिळतं. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. आता बऱ्याच घरांत गवताचा ग्रासकटर आहे आणि त्यातले काही फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या टाकीत साधं पेट्रोल चालतं. अशा घरात आपली मशीन गेली की तोच कॅन उचलून तिच्यात ओतला जातो. मशीन चालू होते, कापते, आवाजही बरा येतो. आत मात्र पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासत असतात. काम थोडं असेल तर निभावतं. माणूस मशीन पुसून, आभार मानून परत आणून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात दुसरा घेऊन जातो. तो मिश्रण बरोबर घालतो, पण मशीन जाम होते त्याच्याच हातात. आता दोष कुणाचा? ज्याच्या हातात बंद पडली त्याचा, असं सगळे म्हणणार. तो देवाशपथ सांगतो की मी काय केलं नाय, आणि ते खरंही असतं. मालकाला पिस्टन-सिलिंडरचा खर्च, दुसऱ्याला फुकटचा आळ, आणि पहिल्याला पत्ताच नाय. आमच्या वाडीत दोन घरं अशाच एका मशीनपायी दोन वर्षं एकमेकांच्या गणपतीला गेली नाहीत. मशीन दुरुस्त झाली, बोलणं सुरू व्हायला वेळ लागला.

चेनचंही तसंच. कापताना खाली जमिनीला नुसती टेकली, गडग्यातल्या जांभ्या दगडाला लागली, जुन्या आंब्यात वर्षानुवर्षं बुजलेला खिळा किंवा कुंपणाची तार लागली, की धार त्या क्षणी गेली. धारदार चेन लाकडाचे तुकडे फेकते. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की चेन बोथट झाली समजा. पण उसन्या मशीनवर काम करणाऱ्याला काम उरकायचं असतं. तो थांबून कानस मारत नाय, मशीन दाबतो. दाबलं की पट्टी तापते, क्लचवर ताण येतो, आणि पुढचा अपघात तिथेच तयार होतो.

ऑईलची टाकी वेगळी, पेट्रोलची वेगळी, हे सुद्धा नवख्याला माहीत नसतं. काही जण चेनच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं ऑईल घालतात. त्यात धातूचा कीस असतो, ऑईलचा पंप त्याने बसतो. माड कापला असेल तर चोथा कव्हरच्या आत दाबून बसलेला असतो. तो काढल्याशिवाय मशीन ठेवली की पुढच्या वेळी चेनला ऑईल नीट पोचत नाय. ज्याने मशीन विकत घेतली त्याला हे सगळं पैसे मोजून कळलेलं असतं. मागून नेणाऱ्याला कुठून कळणार?

इथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. आता अंगावर येणारी गोष्ट. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडा-मानेकडे येते. हँडलपुढचा चेन ब्रेक त्यासाठीच असतो. पण दहा हात फिरलेल्या मशीनचा ब्रेक चालतो का, हे नेणारा बघत नाय. शिडीवर चढून, एका हाताने, खांद्याच्या वर मशीन धरून फांदी कापणारे मी बघितलेत. पायात चप्पल, कमरेला टॉवेल. उद्या त्याला लागलं तर पोलिसात काय व्हायचं ते होवो, त्याच्या घरातली माणसं आयुष्यभर हेच म्हणणार की तुमच्या मशीनने झालं. "मी सांगितलं होतं जपून वापर," या वाक्याला तेव्हा काही किंमत नसते.

अजून एक बाजू, जी कोण बोलत नाय. आंबा, फणस, खैर, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या मालकीच्या जागेतली असली तरी परवानगी लागते. आणि वनगुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त करता येतं, हे भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ५२ मध्येच आहे. तुम्ही मशीन दिली चुलत्याला घरामागची फांदी तोडायला. त्याच्याकडून नेली त्याच्या मेव्हण्याने, आणि रात्री खैरावर चालली. सापडली तर मशीन जाते आणि "ही कुणाची?" या प्रश्नाला उत्तर तुमच्या नावाने येतं. उसनं आणलेलं पुढे उसनं देऊ नये, हे जुन्या माणसांनी उगाच सांगितलेलं नाय.

मग काय करायचं? नवीन काही शोधायला नको. इरजिकीला शेतकरी आपले बैल, आपला नांगर घेऊन स्वतः यायचा. दावं सोडून नुसते बैल पाठवून द्यायचा नाय, कारण कुठला बैल कुठल्या बाजूला ओढतो ते त्यालाच ठाऊक. सावडीतही माणसाच्या बदल्यात माणूस होता. कटर मशीनला तोच नियम लावा. माझी मशीन आणि मी एक दिवस तुमच्याकडे, तुमच्या घरातलं एक माणूस एक दिवस माझ्याकडे आंबा काढायला किंवा गवत कापायला. पेट्रोल आणि ऑईलचा खर्च काम ज्याचं त्याचा, मिश्रण मात्र मशीनवाल्याच्या हातचं. फांद्या ओढायला, लाकूड रचायला त्यांची माणसं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. आंबा, माड, सुपारी आडवी झाली, रस्ते बंद. तेव्हा मशीन नाय म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. पण पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त फसवतं. बुंधा कापून वजन सुटलं की मुळाचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो, वाकलेली फांदी सुटून छातीवर येते. अशा वेळी नवख्याच्या हातात मशीन देणं ही मदत नव्हे. संकटात तर मशीनबरोबर माहीतगार माणूस जायलाच हवा.

लोक म्हणतात, "दादा, प्रत्येकाकडे जायला वेळ कुणाला आहे?" बरोबर आहे. म्हणून मी वार ठरवला, काजूचा हंगाम संपल्यावर दर रविवारी सकाळी. ज्याचं काम असेल त्याने आधी सांगायचं. चार घरांची कामं एका सकाळीत होतात. दुसरं म्हणतात, "गरिबाने काय करायचं?" गरिबाला तर माणसासकट मशीन जास्त सोयीची. त्याच्या डोक्यावर दुरुस्तीचं बिल येत नाय आणि हातपाय शाबूत राहतात.

तरीही नात्यातला कुणी असेल, मशीन चालवायला शिकलेला असेल, आणि द्यावीच लागली, तर एवढं करा. मिश्रण स्वतः करून कॅनवर नाव लिहून द्या. समोर चालू करून, चेन ब्रेक ओढून दाखवा. चेनचा ताण आणि धार दोघांनी मिळून बघा, आणताना पुन्हा दोघांनी बघा. पुढे कुणाला द्यायची नाय हे तोंडावर सांगा. आणि आपण घरी नसताना वहिनींकडून, पोरांकडून मागून न्यायची नाय, हे सगळ्या वाडीला कळू दे. त्या बिचाऱ्यांना नाय म्हणता येत नाय आणि नंतरचं ऐकून त्यांनाच घ्यावं लागतं.

मागणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. कोण म्हणाला की मशीन नाय देणार, पण मी येतो, तर राग धरू नका. मशीन देऊन मोकळं होणं त्याला सोपं होतं. तो आपली सकाळ तुम्हाला देतोय.

तुमच्याकडे वाडीत काय पद्धत आहे, जरूर कळवा. राम राम.