पंचवीस वर्षांचा हिशेब द्या!

जून 2000 मध्ये महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. पाचवीपर्यंत एबीसीडीचे तोंड न पाहिलेले वाडीवरचे पोर आणि पाळण्यात असल्यापासून इंग्रजी ऐकणारे शहरी पोर यांच्यातली दरी बुजावी, हा तो हेतू. उत्तम! पण दरी बुजवायला माती लागते. सरकारने तिच्यात नुसता जीआर टाकला. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी हे शिकवायचे, त्यांची स्वतःची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडलेली आणि बहुतेकांची डी.एड. होताच सुटलेली. त्यांच्या हातात नवे पुस्तक दिले, थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण उरकले आणि मंत्रालय हात झटकून मोकळे झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले 2010 साली दहावीला बसली. दहा वर्षे इंग्रजी शिकल्यावर त्यांतल्या कितीजणांना अनोळखी माणसाशी दोन वाक्ये धड बोलता आली, हा प्रश्न सरकारने कधी विचारला नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारायचे नसतात, एवढा राजकीय शहाणपणा त्याच्यापाशी आहे.

देशभरच्या खेड्यांत केलेल्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत 2016 साली पाचवीतल्या 24.7 टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली होती. 2022 साली हा आकडा झाला 24.5. सहा वर्षांत एवढी घोडदौड! आणि हे नुसते वाचणे बरे का. बोलणे, ऐकून समजणे, मनातले चार शब्द स्वतः लिहिणे हा हिशेब तर त्यात धरलेलाच नाही. वर्गात काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. बाई धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात, मग गाईडमधली उत्तरे फळ्यावर येतात, मुले ती वहीत उतरवतात, पाठ करतात आणि परीक्षेत ओततात. स्पेलिंग चुकले तर तीच ओळ दहादा लिहायची. या सगळ्यात मुलाला स्वतःचे एक तरी वाक्य बोलण्याची संधी कुठे मिळते? भाषा बोलल्याशिवाय येत नाही, हे कळायला शिक्षणशास्त्राची पदवी लागते काय?

आणि परीक्षा! दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेसह अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्या हाती असत. ते कसे वाटले जात, हे प्रत्येक माजी विद्यार्थी हसत हसत सांगेल. 2019 च्या परीक्षेत हे गुण काढून घेतले, तर आदल्या वर्षीचा 89.41 टक्क्यांचा निकाल 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पण हा धक्का बसल्यावर सरकारने काय केले? तोंडी परीक्षा खरी करायची, मुलाला खरेच बोलते करायचे, असे काही केले? छे! गुण परत दिले. 2020 चा निकाल लागला 95.30 टक्के. मुले होती तिथेच राहिली, टक्केवारी तेवढी आभाळाला टेकली. ही परीक्षा नव्हे, ही खिरापत आहे!

सरकार नालायक ठरले की तिथे बाजार बसतो, तसा तो इथेही बसला. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गावी, आता तर वस्तीवरही पत्र्याच्या शेडवर ‘इंटरनॅशनल स्कूल’च्या पाट्या झळकल्या. पिवळी बस, गळ्यात टाय, डायरीत सूचना, मराठी बोलल्यास दंड. पालकाला वाटते, माध्यम इंग्रजी म्हणजे इंग्रजी येणारच. ही या शतकातली सर्वांत यशस्वी थाप आहे. इंग्रजी शिकणे वेगळे आणि न येणाऱ्या इंग्रजीतून गणित, विज्ञान, भूगोल शिकणे वेगळे. पहिल्यात मुलाला एक भाषा मिळते; दुसऱ्यात भाषाही जाते आणि विषयही जातो. प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या अस्खलित म्हणून दाखवणारे पोर ‘म्हणजे काय रे?’ म्हटल्यावर छताकडे बघते. समोरच्या झाडाचे पान दाखवून ते त्याला कोणी कधी सांगितलेले नसते, कारण शिकवणाऱ्या मिसनेही ती व्याख्या तशीच पाठ केलेली असते. ती मिस अडाणी नाही, तिला नावे ठेवू नका. ती बीए होऊन तुटपुंज्या पगारावर राबणारी, त्याच शाळाव्यवस्थेतून बाहेर पडलेली मुलगी आहे. दोषी आहे तो मालक, जो तिचे इंग्रजी न तपासता तिला वर्गात उभी करतो आणि बापाकडून डोनेशन उकळतो. त्या डोनेशनसाठी बापाने कांद्याचा पैसा मोडलेला असतो, आईने गळ्यातले गहाण टाकलेले असते. दहा वर्षांनी मुलगा घरी येतो तो धड मराठी न लिहिणारा, धड इंग्रजी न बोलणारा. मग त्याच मुलाला ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्याच्या दारात उभे करतात!

सगळ्यांत संताप येतो तो याचा, की रस्ता अज्ञात नाही. इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवावी याचे धडे जगाने आपल्याच वर्गांतून गिरवले आहेत. मायकेल वेस्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात बंगाली मुलांना शिकवता शिकवता वाचनाची पद्धत घडवली. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचे पाठांतर बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशा ठेवला, रेल्वेचे वेळापत्रक ठेवले आणि डोके चालवून प्रश्न सोडवायला लावले. काम करता करता भाषा अंगी मुरते, हा त्या प्रयोगाचा गाभा. आज जगभर कार्याधारित भाषाशिक्षण म्हणून त्याचा अभ्यास होतो. आणि आमच्या शाळेत? ओळीओळीचा अर्थ, गाईड आणि दहादा स्पेलिंग! नेदरलँड्समधला दुकानदार तुमच्याशी सहज इंग्रजी बोलतो. त्याने गणित मात्र डचमधून शिकलेले असते. दूर कशाला जा, जन्माने अमेरिकन, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला शाळा उभी केली ती मराठी माध्यमाची. तिथे जाऊन बघण्याची फुरसत किती शिक्षणमंत्र्यांना मिळाली?

मराठीच्या कैवाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. अभिजात दर्जाचे पेढे वाटायचे, संमेलनात गळा काढायचा आणि नातवाचे नाव इंग्रजी शाळेत घालायचे, हा दुटप्पीपणा पुरे झाला. इंग्रजीला शिव्या देऊन मराठी वाचत नसते. चिपळूणकर आणि टिळक यांनी 1880 साली शाळा काढली तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल होते. सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असे बजावले. इंग्रजी हा गरिबाच्या मुलाचा हक्क आहे, म्हणूनच त्याच्या नावावर भेसळ विकणाऱ्यांवर आमचा राग आहे.

आणि हे सरकार तरी कसे? दुसरी भाषा पंचवीस वर्षांत शिकवता आली नाही, तरी 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा लादायला निघाले. लोक खवळले तेव्हा 29 जूनला आदेश मागे घेण्याची नामुष्की पत्करली. तिसरी मागे घेतली, दुसरीचे काय?

आमचे म्हणणे साधे आहे. विषय मराठीतून शिकवा, इंग्रजी भाषा म्हणून शिकवा, आणि ती शिकवणाऱ्याला आधी स्वतः बोलता येते की नाही हे तपासा. येत नसेल तर त्याला वर्षभर पगारी रजेवर शिकायला पाठवा. पैसा नाही म्हणून सांगू नका, तुमच्या जाहिरातींना तो पुरतो. तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाकडून घ्या. मराठी शाळेला पट कमी म्हणून टाळे लावण्याआधी तिथे एक धड इंग्रजी शिकवणारा माणूस द्या आणि मग पट मोजा.

पालकांनो, येत्या जूनमध्ये मुलाचे नाव घालायला जाल तेव्हा इमारत, बस, टाय बघू नका. पहिलीच्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसू द्या म्हणून मागणी करा. नकार मिळाला तर त्या शाळेच्या कचेरीत एक रुपयाही ठेवू नका.