मोकळा पाय

"मावशी, दुकानदार म्हणतायत क्लीटची पायडलं घ्या, तीस टक्के ताकद वाचते. घेऊ का?" भाचीचा फोन सायकलच्या दुकानातूनच आला होता. तिला कर्वेनगरहून शिवाजीनगरला रोज कामाला जायचंय, वाटेत नळ स्टॉप, डेक्कन आणि सगळी ऑफिसच्या वेळची गर्दी. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, "नको गं. साधी, रुंद, सपाट पायडलं घे आणि पाय मोकळा ठेव." फोनवर कारणं सांगायला सवड नव्हती. ती इथे सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न नवी सायकल घेणाऱ्या अनेकांना पडतो आणि त्याचं उत्तर त्यांना बहुतेक वेळा शर्यतीच्या जगातून मिळतं.

पाय पायडलाला धरून ठेवायच्या पद्धती तशा जुन्या आहेत. टो-क्लिप म्हणजे पायडलाच्या पुढच्या बाजूला बसवलेला पिंजरा आणि त्यातून ओवलेला पट्टा. शर्यतीतले सायकलस्वार हा पट्टा हाताने आवळायचे आणि थांबण्याआधी वाकून हातानेच सैल करायचे. क्लीटची पद्धत वेगळी. बुटाच्या तळाला एक छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, तो पायडलावर दाबला की खटकन अडकतो आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो. ही कल्पना बर्फावरून आली. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीइंगच्या बुटांचे खटके बनवायची. पडणाऱ्याचा पाय मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे, हे तिचं मूळ कसब. १९८४ मध्ये तिने ते सायकलच्या पायडलात आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने त्याच पायडलांवर आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली. १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणली. तिचा क्लीट धातूचा आणि लहान, बुटाच्या तळातल्या खाचेत बसणारा, त्यामुळे बूट घालून निदान चालता तरी येतं. आवळलेल्या पट्ट्यापेक्षा हे सगळं खूपच सुरक्षित होतं, यात शंका नाही. पण ही सुधारणा ज्यांचे पाय आधीपासूनच बांधलेले होते त्यांच्यासाठी होती. भाचीचे पाय बांधलेले नाहीत.

आता त्या तीस टक्क्यांबद्दल. हा आकडा मीही वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्यामागचा तर्क असा की पाय अडकवलेला असला की पायडल खाली दाबता येतं तसं वरही ओढता येतं, म्हणजे दोन्ही पाय सतत काम करतात. ऐकायला पटतं, पण शरीर तसं वागत नाही. नेहमीच्या चालीत वर येणारा पाय, अगदी कसलेल्या सायकलपटूचासुद्धा, पायडलाला फारसा ओढत नाही. तो स्वतःचं वजन थोडंफार हलकं करतो आणि उरलेला भार खाली जाणारा दुसरा पाय उचलतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितलं होतं. पायडलावरचा जोर जास्त योग्य दिशेने लागला, पण तेवढ्याच कामासाठी शरीराने ऊर्जा मात्र जास्त खर्च केली. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम या संशोधकांनी थेट तुलनाच केली. पळायचे साधे बूट आणि सपाट पायडल, तेच बूट आणि टो-क्लिप, आणि क्लीटचे कडक तळाचे बूट. ५० ते १५० वॅटच्या दरम्यान ऊर्जेच्या खर्चात त्यांना फरक दिसला नाही. शहरात सपाट रस्त्यावर ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने जाणारी व्यक्ती याच पट्ट्यात असते, बहुधा शंभर वॅटच्याही खाली.

पुढची गोष्टही सांगायला हवी. त्याच विद्यापीठातून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात चढावर पूर्ण जोर लावून, काही सेकंद जीव तोडून सायकल मारायला लावली, तेव्हा क्लीट आणि कडक बुटांनी सपाट पायडलांना स्पष्टपणे मागे टाकलं. म्हणजे पाय अडकवण्याचा फायदा खरा आहे, पण तो शेवटच्या दोनशे मीटरच्या धडकेत आहे. कर्वे रस्त्यावर सकाळी साडेनऊला तशी धडक मारायला जागा नाही आणि मारूही नये.

रोजच्या रस्त्यावर पायाचं पहिलं काम वेगळंच असतं. तो जमिनीवर आला पाहिजे, आणि न सांगता आला पाहिजे. पुढची रिक्षा प्रवासी दिसला म्हणून जागीच डावीकडे वळते. थांबलेल्या गाडीचं दार उघडतं. दुभाजकाच्या फटीतून कोणीतरी हातातल्या पिशव्यांसकट रस्त्यात उतरतं. ब्रेक दाबले जातात, सायकलची गती शून्यावर येते आणि त्या क्षणी सायकलला तोल नसतो. सपाट पायडलावरचा पाय तोवर खाली टेकलेला असतो, आपण विचार केलेलाही नसतो. क्लीटमधल्या पायाला मात्र आधी टाच फिरवावी लागते. दचकलेला पाय टाच फिरवत नाही, तो सरळ वर किंवा मागे खेचतो, आणि क्लीट नेमका त्याच दिशांना घट्ट धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. मग माणूस जागच्या जागी सायकलसकट आडवा होतो. वेग नसतो, म्हणून लोक ही पडापड किरकोळ समजतात. पण पडणारा हात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो.

क्लीट वापरणारे म्हणतील, सवय होते. होतेच. सराईत माणूस सिग्नलच्या बरंच आधी डावा पाय सोडवून ठेवतो, कारण आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने आणि पाय टेकवायचा तो फूटपाथच्या बाजूला. पण यातच एक गोम आहे. सायकल कुठल्या बाजूला कलणार हे आपण ठरवत नाही. डावीकडच्या खड्ड्यातून वाचण्यासाठी हँडल वळवलं, किंवा डावीकडून कुणाचा आरसा हँडलला लागला, की सायकल उजवीकडे झुकते. सोडवलेला डावा पाय तेव्हा हवेत असतो, अडकलेला उजवा पाय पायडलावर, आणि उजवीकडे मागून पीएमपीची बस येत असते. सिग्नल आपल्याला आधीपासून दिसतो, म्हणून तिथे सवय कामाला येते. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या थांब्यांची, आणि आपल्या शहरात तेच जास्त आहेत.

खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर पाय निसटतो, ही सपाट पायडलांबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय आहे आणि तो शिकायला सोपा आहे. अडथळा समोर दिसला की पायडल मारणं थांबवायचं, दोन्ही पायडलं जमिनीला समांतर आणायची, एक पुढे, एक मागे. सीटवरून बोटभर उठायचं, गुडघे सैल सोडायचे आणि दोन्ही टाचा किंचित खाली दाबायच्या. चवडा पायडलाच्या दांड्यावर आणि टाच खाली असली की दणका बसतो तेव्हा पाय पायडलावर अधिकच रुतून बसतो. टाच वर असेल तर तो उडतो. रिकाम्या मैदानात एखाद्या विटेवरून हे करून पाहिलं तरी पुरे. यात आणखी एक लाभ आहे, दणका पाठीच्या कण्याऐवजी गुडघे झेलतात.

पावसाळ्यात पायडलाचा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो. जुन्या रबरी ठोकळ्यांवर ओली रबरी चप्पल घसरते, हे पुण्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यासाठी सपाट पायडलांवर उठावाचे छोटे खिळे असतात. डोंगरात चालवायच्या पायडलांचे खिळे धातूचे आणि टोकदार असतात. ते पाय पक्का धरतात, पण मऊ चपलेचा तळ फाडतात आणि पाय निसटलाच तर नडगीची सालटी काढतात. शहरासाठी नायलॉनच्या अंगातच घडवलेल्या बोथट खिळ्यांची, पंजा पूर्ण मावेल इतकी रुंद पायडलं मला सर्वांत योग्य वाटतात. भाचीला मी तीच घ्यायला लावली. क्लीटला पावसाचा वेगळा त्रास: चिखल खाचेत बसला की तो नीट अडकत नाही, आणि गुळगुळीत ओल्या फरशीवर धातूचा क्लीट सरकतो. शर्यतीच्या प्लास्टिक क्लीटवर तर चालूच नये. शहरात सायकलवाल्याला चालावं लागतंच. मंडईत उतरावं लागतं, जिना चढावा लागतो, शाळेच्या फाटकापाशी मुलाला घ्यायला उभं राहावं लागतं.

या सगळ्याहून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कारण आता सांगते. क्लीटबरोबर बूट आले, बुटांबरोबर खर्च आला आणि त्यासोबत हळूहळू अशी समजूत आली की सायकल चालवायला खास पोशाख लागतो. पुण्याची सायकलींचं शहर म्हणून ओळख झाली ती धोतर, पाचवारी, खाकी चड्डी आणि पायातल्या वहाणांवर. आजही पहाटे पेपर टाकणारी मुलं, सोसायट्यांचे रखवालदार, चार घरची कामं करणाऱ्या काही बायका सायकलवर दिसतात आणि त्यांच्या पायात चपला असतात. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. नव्याने सायकलकडे वळणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी असं वाटलं की योग्य बूट नसले तर आपण अर्धवट सायकलवाले, तर तो दोन रविवार चालवून सायकल गॅलरीत उभी करून ठेवतो. माझी कळकळ यासाठी आहे. ऑफिसला जायच्या चपलेत, सलवार-कमीजमध्ये, साडीत सायकलवर बसता आलं पाहिजे, आणि पायडल त्या चपलेसाठी बनवलेलं असलं पाहिजे.

शहराची हद्द ओलांडली की माझं मत बदलतं. बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी. दोनशे किलोमीटरची साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, सहाशेची चाळीस तासांत. तिथे तासन् तास थांबणं नाही, दमलेला पाय पायडलावरून सरकू लागतो आणि क्लीट त्याला जागेवर ठेवतो. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगरसारखी स्पर्धा करणाऱ्यांना मी सपाट पायडलं घ्या म्हणणार नाही. मात्र क्लीट बुटाला बसवताना कोन नीट जुळवून घ्या. पाऊल चुकीच्या कोनात तासन् तास अडकून राहिलं की गुडघा दुखू लागतो. सिंहगडावर सायकलने जाणारे आणि त्याच सायकलवर आठवडाभर ऑफिसला जाणारे असतील तर एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला सपाट अशी दुहेरी पायडलं मिळतात. ती वापरावीत. आवळलेल्या पट्ट्याचा टो-क्लिप मात्र शहरात अजिबात नको, त्यातून पाय काढायला हातच लागतो. रुंद व्हेल्क्रोचा पट्टा सैल ठेवला तर पाय मागे ओढून निघतो, पण सैल पट्टा धरून तरी काय ठेवणार?

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. साध्या पायडलांच्या पुढच्या-मागच्या कडांना पिवळे-नारिंगी रिफ्लेक्टर असतात. रात्री मागच्या गाडीच्या उजेडात ते खालीवर होताना दिसतात आणि त्या हालचालीवरून चालकाला कळतं की पुढे पाय मारणारा माणूस आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत गुडघ्या-घोट्यांवर लावलेल्या चकाकत्या पट्ट्यांनी सायकलवाला रात्री जास्त सहज ओळखू येतो असं दिसून आलं, त्यामागचं कारणही हेच. एसपीडीच्या छोट्या पायडलांवर सहसा रिफ्लेक्टर नसतात. नायलॉनची सपाट पायडलं घेतानाही रिफ्लेक्टरची खाच आहे का ते बघून घ्या, आणि नसेल तर घोट्याला चकाकती पट्टी बांधा.

पायडलं घरीसुद्धा बदलता येतात. १५ नंबरचा पातळ पान्हा लागतो, काहींना आतल्या बाजूने ॲलन की. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे, म्हणून डावं पायडल घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. पायडलांवर एल आणि आर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आट्यांना थोडं ग्रीस लावा, सुरुवातीचे फेरे हातानेच द्या आणि सहज फिरत नसेल तर जबरदस्ती करू नका, पायडल ज्यात बसतं त्या क्रँकचे आटे एकदा गेले की क्रँकच बदलावा लागतो. पान्हा पायडलाच्या वरच्या अंगाला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडलं आवळली जातात, मागच्या चाकाकडे फिरवला की सुटतात. महिनाभर चालवल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्या.