दया नावाचे बटण

मंडळाच्या मागील बैठकीत ‘नव्या पिढीचे वाचन’ या विषयावर चर्चा झाली आणि अशा चर्चेचा शेवट जिथे व्हायचा तिथेच झाला. मुलांच्या हातातील खेळयंत्रे हेच सर्व अनर्थाचे मूळ, असा निकाल एकमुखाने लागला. निकाल देणाऱ्यांपैकी एकानेही ते यंत्र कधी हातात धरलेले नव्हते. न वाचलेल्या कादंबरीवर कोणी असा शेरा मारला असता, तर याच मंडळींनी त्याला पुरते सोलून काढले असते. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

घरी आल्यावर नातवाकडून त्याचे यंत्र मागून घेतले आणि तो ज्यात गुंग होता तो खेळ आम्ही शेवटपर्यंत खेळलो. त्याला जे एका रविवारात साधते, त्याला आम्हांस तीन आठवडे लागले. आमची बोटे आता पेटीवरही नीट चालत नाहीत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

खेळाचे नाव ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो रचला. कथा, संवाद, संगीत त्याचेच. चित्रांत टेमी चँग यांचा मोठा वाटा. २०१३ साली त्याने किकस्टार्टरवरून लोकांकडे ५,००० डॉलर मागितले. लोकांनी ५१,००० हून अधिक दिले. २०१५ च्या सप्टेंबरात खेळ संगणकावर आला, २०१७ मध्ये प्लेस्टेशन व्हिटा या तळहाती यंत्रावर आणि २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचवर. फार पूर्वी मानव आणि राक्षस यांच्यात युद्ध झाले, मानव जिंकले, राक्षस जमिनीखाली कोंडले गेले. तिथे एक लहान मूल पडते. त्याने वर परतायचे, एवढीच कथा.

पहिला आक्षेप असा की चित्रे ओबडधोबड, लढाई तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची. यात कला कुठली? हा आक्षेप वारली चित्रे भिंतीवर लावणाऱ्या घरांतून यावा, याचे आम्हांस नवल वाटते. हे जुनाट रूप गरिबीतून आलेले असेल, पण ते एका परंपरेचेही आहे. जाहिरातींचे मजकूर लिहून नाव कमावलेल्या शिगेसातो इतोई या जपानी लेखकाने ‘मदर’ नावाची खेळमालिका केली. तिचा दुसरा भाग १९९४ चा. अमेरिकेत तो १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने गेला. फॉक्सने आपले घराणे तेच मानले आहे. ज्या खेळाचा मूळपुरुष चित्रकार नसून शब्दांवर पोट भरणारा लेखक आहे, त्याला साहित्य मंडळाने दारातून हाकलावे, हे विपरीतच.

‘त्यात वाचायला काय असते?’ असेही विचारले गेले. पानेच्या पाने असतात. येथे अक्षरवळणसुद्धा पात्राचा स्वभाव सांगते. सॅन्स आणि पपायरस हे दोन सांगाडे भाऊ. दोघांची नावे इंग्रजी टंकांवरून ठेवलेली आणि दोघे त्या त्या टंकातच बोलतात. जपानी आवृत्तीत पपायरसचे बोलणे उभ्या ओळींत येते. अनुवाद म्हणजे केवळ शब्दाला शब्द नव्हे, हे आपण परिसंवादांतून किती वर्षे सांगत आलो. तिथे ते करून दाखवले आहे.

आता हिंसेबद्दल. पडद्यावर चार बटणे असतात: लढणे, काही कृती करणे, जवळची वस्तू वापरणे, आणि चौथे दया. समोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाचा स्वभाव वेगळा. कोणी लाजाळू, कोणी स्तुतीला भुकेला. तो ओळखून वागले की लढाई संपते, कोणी मरत नाही. एवढ्यावरून काही सुशिक्षित पालक या खेळाला ‘अहिंसेचा धडा’ म्हणून गौरवतात. आमचे भांडण त्यांच्याशीही आहे. धडा असता तर आम्ही तो पहिल्या तासातच बाजूला ठेवला असता.

टोरिएलचा प्रसंग सांगतो. ही शेळीच्या तोंडाची, आईसारखी बाई. पडलेल्या मुलाला ती हाताला धरून काट्यांवरून नेते, त्याच्यासाठी गोड पदार्थ भाजते, मग त्याला जाऊ देत नाही. वाट अडवते. बोलून उपयोग होत नाही. आम्ही इतरांच्या बाबतीत शिकलेली युक्ती वापरली: थोडे दुबळे करावे, मग दया करावी. शेवटच्या घावात ती मेली. खरी वाट अशी की काहीही न करता पुन्हापुन्हा दयेचेच बटण दाबत राहावे, ती थकेपर्यंत. आम्ही घाईघाईने यंत्र बंद केले, आधीच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी तिला वाचवले. हायसे वाटले. पुढच्या दालनात फ्लावी नावाचे एक दुष्ट फूल उभे होते. आम्ही तिला आधी मारले होते, हे त्याला ठाऊक होते.

यंत्र हातात धरून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. पूर्वीच्या खेळांत जुनी नोंद उघडली की झालेले पुसले जाई. या लेखकाने नेमके तेवढेच काढून घेतले. दुरुस्त केलेली चूक आणि न केलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उतारवयातील माणसाला एका फुलाने ऐकवावे!

दोषही आहेत. दयेचा मार्ग शेवटाकडे फार गोड होतो. सगळेच सगळ्यांचे मित्र होतात आणि विनोद ताणला जातो. उलट मार्ग संहाराचा. त्यात खेळणारा एकेका प्रदेशातील राक्षस शोधून संपवतो, गावे ओस पडतात, संगीत मंदावते. अखेर जग परत हवे असेल तर आत्मा मोबदल्यात मागितला जातो, आणि तो दिल्यावर पुढचा गोड शेवटही डागाळतो. वाट लेखकानेच आखली, मग दोष खेळणाऱ्याला का, असे काही जाणकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या वाटेवर कोणी ढकलत नाही. उलट ती कंटाळवाणी व्हावी अशी योजना आहे. निव्वळ ‘बघू तरी’ म्हणून तेवढे कष्ट घेणाऱ्याकडे लेखकाने बोट दाखवले, तर आम्ही लेखकाच्या बाजूचे. नातवाने ती वाट अर्ध्यावर सोडली. का, ते त्याने सांगितले नाही.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. हा खेळ अधिकृतपणे इंग्रजी आणि जपानी या दोनच भाषांत आहे. ‘मदर’चा तिसरा भाग २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला, इंग्रजीत तो अधिकृतपणे आलाच नाही, तेव्हा २००८ मध्ये चाहत्यांनी बिनमोल राबून सबंध मजकूर इंग्रजीत आणला. आपण तीन-चार पिढ्या परमुलखात राहून मराठी टिकवल्याचा अभिमान दर स्नेहसंमेलनात सांगतो. पण नातवाला जेव्हा एखाद्याचा जीव घ्यावा की न घ्यावा हा विचार पडतो, तेव्हा तो विचार तो इंग्रजीत करतो. यात यंत्राचा काय अपराध?

आम्ही चौथ्या बटणाचे भाषांतर करू पाहिले. ‘दया’ म्हटले की करणारा उंचावर बसतो. ‘क्षमा’ला आधी अपराध लागतो, आणि येथे अपराधी बहुधा आपणच. ‘जीवदान’ जवळचे, पण त्यात दात्याचा तोरा आहे. ‘अभय’ आम्हांस आवडले होते. नातवाने क्षणभर विचार करून ‘सोड’ म्हटले. समोरच्याला सोड, आणि हातातले भांडणही सोड. आम्ही ‘अभय’ खोडले. लेखाच्या मथळ्यात मात्र जुनी खोड राहिलीच.

पुढील बैठकीत हाच विषय पुन्हा घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. यंत्र आम्ही घेऊन येऊ. ज्यांना निकाल द्यायचा आहे, त्यांनी आधी टोरिएलच्या दारापर्यंत यावे. चष्मा सोबत आणावा, अक्षरे बारीक आहेत.