हिरवंगार पीक म्हणजे निर्धोक पीक नव्हे

नागपूरच्या नाग नदीच्या आणि नाल्यांच्या काठी मोटर लावून भाजीपाला पिकवणाऱ्या, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेलगत वावर असणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, एक कळकळीची विनंती आहे. पीक जोमात आलं म्हणून जमीन चांगली, असं धरून चालू नका.

सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असतं, म्हणून त्यावरचा पालक तरारून येतो. पण त्याच पाण्यात कारखान्यांचं आणि धातूला मुलामा देणाऱ्या कामांचं पाणी मिसळलं, की कॅडमियम, शिसं, क्रोमियम वावरात उतरतं. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि बोरॉनही असतं. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शिवारात पसरलं. अशी राख पुढे मातीत मिसळून दिसेनाशी होते, पण तिच्यातले धातू कुजत नाहीत की उडून जात नाहीत.

झाडाजवळ विष सोसायची स्वतःची सोय असते. मुळं आम्लं सोडून काही धातूंना बाहेरच अडकवतात. जे आत शिरतं, त्याला झाड गंधकयुक्त रेणूंनी बांधतं आणि पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. हे कोंडणं मुळात झालं तर दाणा वाचतो. पानात झालं तर झाड सुखरूप राहतं आणि विष आपल्या ताटात येतं. म्हणून पिकाला नुसतं तगवून भागत नाही, विष मुळाशीच अडलं पाहिजे.

जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भात पिकत राहिला. वरच्या खाणीतलं कॅडमियम त्या भातातून लोकांच्या मूत्रपिंडांत गेलं, हाडं ठिसूळ झाली. त्या ‘इताई-इताई’ रोगाचं कारण कॅडमियम आहे, हे सरकारनं १९६८ साली मान्य केलं. तोवर कित्येकांचं आयुष्य वेदनेत गेलं होतं. आपण तेवढं थांबायचं कारण नाही.

पहिलं काम माती परीक्षणाचं. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यांत जस्त, बोरॉन आहेत. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक नाहीत. ही तपासणी वेगळी मागावी लागते. वावरात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळा. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा गंजलेली खुरपी वापरू नका, अहवाल चुकतो. प्लास्टिकच्या घमेल्यात माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. ती सावलीत वाळवून पाठवा. ज्या नाल्याचं पाणी देता, तेही तपासून घ्या. खर्च एकट्याला झेपत नसेल तर लगतच्या पाच-सहा जणांनी मिळून करा.

उपाय अहवाल पाहूनच करायचे. कॅडमियमसाठी चुना टाका, असं कुणी सांगेल. तो सल्ला आम्लधर्मी जमिनीचा आहे. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, तिथे चुन्याचा उपयोग नाही. आपल्याकडे चांगलं कुजलेलं शेणखत हाच मोठा आधार, कारण ते कॅडमियम-शिशाला धरून ठेवतं. जस्ताची कमतरता निघाली तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या. जस्त पुरेसं असलं की मुळं कॅडमियम कमी उचलतात. मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांधीत मात्र जपून. आर्सेनिक असेल तर पाणी साचवून न ठेवता मधूनमधून बांधी सुकवावी लागते. कॅडमियम असेल तर नेमकं उलट, पाणी भरून ठेवावं लागतं. अंदाजानं केलं तर एक विष टाळताना दुसरं वाढेल. शहरी कचऱ्याचं खत घेताना अहवाल मागा. नियमानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

पीकही बदला. पालक, मेथी, सांबार, मुळा, गाजर हे धातू जास्त उचलतात; टमाटर, भेंडी, शेंगा त्या मानानं कमी. पानं धुतल्यानं वरची धूळ जाते, आत गेलेलं जात नाही. जमीन फारच खराब निघाली तर झेंडू किंवा बांबू लावा, आणि तिथला चारा जनावरांना घालू नका, दुधात उतरेल.

सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं साखर कारखान्याचं प्रेसमड, जिवाणू खतं आणि मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी वापरून झाडं उभी केली. बिघडलेली जमीन सावरते, याचा हा आपल्या जिल्ह्यातला पुरावा. पण तिथे झाडं लावली होती, भाजी नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

येत्या पेरणीआधी कृषी सहायकाला गाठा, जड धातूंची तपासणी कुठे होते ते विचारा आणि नमुना पाठवा. ग्रामसभेत ठराव घेऊन नाल्यात घाण पाणी सोडणाऱ्यांवर कारवाईची मागणी लावून धरा. वरून विष येतच राहिलं तर कुठलंही खत पुरं पडणार नाही. आपल्या वावरातली भाजी आपली आणि शेजाऱ्यांची लेकरं खातात. त्यांच्यासाठी एवढं कराच.